५३,१०० रुपयांची पोस्टडॉक कन्सल्टन्सी: एक स्टार, तोही चहाला

आधीच सांगते, ऑफिसचं नाव लिहिणार नाहीये, विचारू नका. दादरला एका बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली साड्यांचं दुकान, वर फुल एसी आणि भिंतीवर आयफेल टॉवर, एवढं पुरे. अशी ऑफिसं मुंबईत ढिगाने आहेत आणि टॉवर सगळ्यांकडे असतो. मुळात ती एमएसला बाहेर जाणाऱ्या पोरापोरींसाठी आहेत, पण आता खाली बारीक अक्षरात 'पीएचडी आणि पोस्टडॉक प्लेसमेंट' असाही बोर्ड लागलाय (पोस्टडॉक म्हणजे पीएचडी झाल्यावरची, ठरावीक मुदतीची रिसर्चची नोकरी) आणि मी त्या बोर्डाला भुलले. पॅकेज ४५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, झाले ५३,१००. नवऱ्याच्या कार्डावर सहा हप्ते. शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात फिटला म्हणून आता लिहायला बसलेय, आधी लिहिलं असतं तर शिव्याच आल्या असत्या.

माझं काम काय ते सांगावं लागेल नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. माझी पीएचडी मोडी लिपीतल्या जुन्या कागदांवर. कागदाचा फोटो घ्यायचा, ओळी वेगळ्या करायच्या, अक्षरं ओळखायची आणि देवनागरीत उतरवायची, आणि हे सगळं कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ मारून घेतो आणि मग शक्यतो हात न उचलता त्या रेघेखाली लिहीत सुटतो, दोन शब्दांत जागा सोडायची भानगडच नाही, त्यामुळे इंग्रजी हस्ताक्षरावर शिकवलेलं मॉडेल शब्द तोडायला जातं आणि तिथेच तोंडावर पडतं. त्यात कसरीने पाडलेली भोकं, मागच्या पानाची शाई पुढे फुटलेली. म्हणजे हे कॉम्प्युटर व्हिजनच आहे, कॉम्प्युटरला फोटो वाचायला शिकवायचं शास्त्र, पण गाड्या नि चेहरे ओळखणारं फॅशनवालं व्हिजन नाही. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखात मी जेवढे तास बसलेय तेवढे लॅबमध्ये बसले नसेन.

तर पहिली मीटिंग. चहा आला, आल्याचा, कडक, एक नंबर. हे मनापासून. सरांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, जीआरई स्कोअर किती?"

म्हटलं जीआरई ही एमएस-पीएचडीच्या प्रवेशाची परीक्षा, पोस्टडॉकला लागत नाही हो, ती नोकरी असते. तर म्हणे, "नाही नाही, पीएचडीच्या वरची डिग्रीच ना ती, मग एन्ट्रन्स असणारच." आता हे आमच्या डोंबिवलीच्या शेजारच्या काकू म्हणाल्या असत्या तर मी हसून सोडून दिलं असतं (त्या म्हणतातच, आणि आईला दर गणपतीत विचारतात की हिचं शिक्षण कधी संपणार). पण हा माणूस पैसे घेऊन मला नोकरी लावणार होता. तिथेच उठायला हवं होतं. नाही उठले. तेहतीस पूर्ण झाली होती, आपल्याकडच्या नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपला पस्तिशीची मर्यादा, कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं, अशात कोणी 'गॅरंटीड इंटरव्ह्यू कॉल' म्हटलं की डोकं गहाण पडतं.

पैशाच्या बदल्यात तीन गोष्टी मिळाल्या.

पहिली, २१२ जागांची एक्सेल शीट. 'एक्सक्लुझिव्ह डेटाबेस' म्हणे. एका रविवारी चहाचा थर्मास घेऊन बसले आणि एकेक लिंक उघडली. ६१ जागांची मुदत आधीच संपलेली. ३८ तर पीएचडीच्याच जागा, म्हणजे जे करून बसलेय तेच परत. आणि अकरा जागा डोळ्यांच्या डॉक्टरांच्या! ऑप्टोमेट्री, काचबिंदू, लहान मुलांचा चष्मा. ज्याने यादी बनवली त्याने 'व्हिजन' एवढा एकच शब्द टाकून जे येईल ते ओरबाडलं होतं. एक जागा तर फक्त जाहिरातीत 'अवर व्हिजन अँड मिशन' लिहिलंय म्हणून आत आलेली, ती बंदरांच्या अर्थशास्त्राची होती. उरलेल्या खऱ्या जागा? त्या सगळ्याच्या सगळ्या फुकटच्या साइट्सवर होत्या, त्याच क्रमाने.

दुसरी गोष्ट, सीव्ही. माझा चार पानी सीव्ही त्यांनी एका पानाचा करून दिला, डाव्या बाजूला निळा पट्टा, फोटो, आणि 'टीम प्लेअर' पुढे पाचपैकी चार ठिपके. पेपरांची यादी उडवली कारण 'लांब होतं'. पोस्टडॉकच्या अर्जात पेपरांची यादी उडवणं म्हणजे लग्नाच्या पत्रिकेत नवरीचं नाव न छापण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महाग पडली. ४० प्रोफेसरांना मेल. माझ्या नावाने, एकाच दुपारी, एकच मजकूर. 'डिअर रिस्पेक्टेड सर' म्हणून, आणि त्यातल्या नऊ बायका. एका लॅबमध्ये तिघांना तोच मेल, आणि ते तिघं बहुतेक एकत्र जेवतात कारण एकाने उत्तरात लिहिलं की तुमचा मेल आमच्या पूर्ण कॉरिडॉरला पोचलाय. दुसऱ्यांनी फार प्रेमाने कळवलं की ते दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेत. बाकी ३८ ठिकाणी शांतता. पैशाचं दुःख हप्त्यांबरोबर फिटलं, पण हस्तलिखितं वाचणाऱ्या लॅब जगात मोजक्या, त्यातल्या सात-आठ या चाळीसमध्ये होत्या आणि तिथे माझी पहिली ओळख ही अशी झाली. तक्रार करायला गेले तर सर म्हणाले, "मॅडम, आउटरीच इज अ नंबर्स गेम." परत चहा पाजला. तोही चांगला होता.

आता ज्या गोष्टी फुकट आहेत त्यांचा रिव्ह्यू करते, कारण खरं काम त्यांनीच केलं.

युरॅक्सेस. युरोपियन कमिशनचं पोर्टल, युरोपभरच्या रिसर्चच्या जागा एका ठिकाणी, पैसे शून्य. दिसायला सरकारी आहे, फिल्टर लावताना जरा चिडचिड होते, पण एक युक्ती कळली की सुटतं. तिथे रिसर्चरच्या पायऱ्या केल्यात, आर-१ ते आर-४. आर-१ म्हणजे पीएचडी करणारे, आर-२ म्हणजे पीएचडी झालेले पण अजून स्वतःच्या पायावर नसलेले, म्हणजे आपण. आर-२ लावा, अर्धा कचरा गेला. चार स्टार.

जॉब्ज डॉट एसी डॉट यूके. ब्रिटनसाठी हेच. पगाराचा आकडा बहुतेक वेळा जाहिरातीतच असतो, शेवटची तारीख असते, आपल्या शब्दांवर रोजचा ईमेल अलर्ट लावता येतो. पण ब्रिटनमध्ये पुष्कळदा 'पोस्टडॉक' हा शब्दच जाहिरातीत नसतो हो, 'रिसर्च असोसिएट' नाहीतर 'रिसर्च फेलो' असतं, आणि मी पहिले तीन महिने 'पोस्टडॉक' शोधत बसले आणि म्हणत राहिले की ब्रिटनमध्ये मंदी आहे वाटतं. जर्मनीत अजून मजा, 'विसेनशाफ्टलिखर मिटआरबाइटर' असं लिहितात आणि तेच पद पीएचडीवाल्यालाही आणि पोस्टडॉकलाही, आत जाऊन बघायचं डॉक्टरेट हवीय की करायचीय. तिथला पगार सहसा ई-१३ नावाच्या श्रेणीत असतो आणि पुढे टक्के लिहिलेले असतात, १०० टक्के का ५० का ६५. टक्के बघितल्याशिवाय घरी सांगू नका, मी एकदा फक्त पेढे आणायचेच बाकी ठेवले होते, नशीब.

शोधायच्या शब्दांवरच बोलायचं तर इथे खरी मेख आहे. 'कॉम्प्युटर व्हिजन' टाकून जे येतं त्यात सगळं जग अर्ज करतं. पण प्रतिमा वाचणारी माणसं आता कुठे कुठे लागतात बघा: सॅटेलाइटच्या फोटोंवरून पिकं मोजणारे, सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी मोजणारे, एमआरआय-सीटीवाले, जुन्या देवळांची थ्रीडी मॉडेलं बनवणारे, माणसाचा मेंदू बघतो कसा याच्यावर काम करणारे. या जागा कॉम्प्युटरच्या खात्यात नसतातच. रिमोट सेन्सिंग, फोटोग्रामेट्री, बायोइमेज ॲनालिसिस, व्हिज्युअल न्यूरोसायन्स अशा नावांनी त्या भूगोलाच्या, शेतीच्या, बायोलॉजीच्या, मानसशास्त्राच्या खात्यांत निघतात. माझ्याबाबतीत तर चावी होती 'डिजिटल ह्युमॅनिटीज' (इतिहास-भाषेचा अभ्यास कॉम्प्युटर वापरून) आणि 'हँडरिटन टेक्स्ट रेकग्निशन' (हस्ताक्षर ओळखणं). हे दोन शब्द टाकले आणि एकदम वेगळीच वस्ती दिसायला लागली. इन्सब्रुक विद्यापीठातून सुरू झालेलं ट्रान्सक्रिबस, हस्तलिखितं वाचणारं सॉफ्टवेअर, त्याच्याभोवती जमलेले इतिहासवाले. बार्सिलोनाच्या कॉम्प्युटर व्हिजन सेंटरमधले डॉक्युमेंटवाले. हॅम्बुर्गचं हस्तलिखित-संस्कृतींचं केंद्र, जिथे तमिळ पोथ्यांपासून आफ्रिकेतल्या कागदांपर्यंत सगळं बघतात. पाच वर्षं या विषयात काढून मला वाटत होतं मी मोडीवाली एकटी वेडी आहे, तर तिकडे वेड्यांचं संमेलनच भरलेलं.

कॉन्फरन्स. कॉम्प्युटर व्हिजनच्या मोठ्या तीन: सीव्हीपीआर दरवर्षी असते, आयसीसीव्ही विषम वर्षी आणि ईसीसीव्ही सम वर्षी. तिकीट, व्हिसा, फी धरून हे आपल्या खिशाचं काम नाही हे मान्य. पण सीव्हीपीआर नि आयसीसीव्हीचे २०१३ पासूनचे पेपर सीव्हीएफच्या (कॉम्प्युटर व्हिजन फाउंडेशन) साइटवर फुकट आहेत आणि ते वाचायची एक वेगळी पद्धत आहे. शेवटून वाचायचे. आभाराच्या परिच्छेदात लिहिलेलं असतं की पैसा कुठल्या ग्रँटचा. ग्रँट नुकतीच सुरू झाली असेल तर त्या प्रोफेसरला माणसं लागणार, संपत आली असेल तर तो कितीही गोड बोलला तरी देणार कुठून. याच्याही पुढची पायरी मला आमच्या गाइड मॅडमनी सांगितली, आणि ५३,१०० कोणाला द्यायचेच होते तर या एका वाक्यासाठी त्यांना द्यायला हवे होते: जाहिरात शोधू नकोस, पैसा शोध. युरोपियन रिसर्च कौन्सिल दरवर्षी ग्रँट मिळालेल्यांची यादी जाहीर करते, स्टार्टिंग ग्रँटची साधारण सप्टेंबरात. एकेक ग्रँट पाच वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत. नवीन नवीन प्रोफेसर, हातात पहिल्यांदाच एवढे पैसे, टीम अजून शून्य. जाहिरात निघायला त्यांना काही महिने लागतात आणि त्या मधल्या महिन्यांत गेलेला नीट मेल वाचला जातो. मी यादीतून माझ्या विषयाच्या जवळचे सहा जण काढले आणि सहाच मेल लिहिले. एकेका मेलला दोन-तीन दिवस. त्यांचा एक पेपर नीट वाचून, त्यातली एक गोष्ट मोडीवर का चालणार नाही हे चार ओळीत, खाली माझा डेटा उघडा आहे त्याची लिंक. चार उत्तरं आली. चाळीसला दोन, सहाला चार, आणि त्या दोनातले एक रिटायर्ड.

याच विषयाची आपल्याकडची कॉन्फरन्स, आयसीव्हीजीआयपी, सुद्धा विसरू नका. १९९८ पासून आहे, आधी वर्षाआड व्हायची, आता दर डिसेंबरात. २०१२ मध्ये आपल्या पवईच्या आयआयटीतच झाली होती. तिथे पोस्टरसमोर उभं राहून जे बोलणं होतं ते मेलवर होत नाही, आणि चहा तिथेही बरा असतो.

युरोपियन युनियनची मेरी क्युरी फेलोशिप हा वेगळा प्राणी आहे. इथे तुम्ही आणि तिकडची लॅब मिळून प्रस्ताव लिहिता, मुदत सप्टेंबरात. पीएचडीनंतरचा रिसर्चचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त नसावा, आणि ज्या देशात जायचंय तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, ही दुसरी अट आयुष्यभर डोंबिवलीत राहिलेल्या माणसाला आपोआप जमते. पण २०२५ ला १७ हजारांवर अर्ज आले. त्यामुळे हिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नका, आणि लॅब जूनच्या आत ठरवा, ऑगस्टमध्ये प्रोफेसर सुट्टीवर असतात, समुद्रकिनारी, मेल न बघता. जर्मनीच्या हम्बोल्ट फेलोशिपला मात्र वर्षभर कधीही अर्ज चालतो, पोस्टडॉकच्या गटात पीएचडीला चार वर्षं व्हायच्या आत.

अर्ज भरण्याबद्दल एकच सांगते कारण याच्यावर माझे दोन अर्ज गेले. ब्रिटनच्या जाहिरातीत 'इसेन्शियल' आणि 'डिझायरेबल' अशा दोन याद्या असतात. आपल्याला वाटतं की हे शोभेचं आहे. नाही. समोरचा माणूस त्या यादीवर टिक करत बसतो, प्रत्येक मुद्द्याला पुरावा दिसला तर टिक. तुम्ही कितीही मोठे असा, 'विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केल्याचा अनुभव' याच्यापुढे एक वाक्य नाही लिहिलं तर टिक नाही. मी सहा एमटेकच्या पोरांना सांभाळलंय आणि एका शब्दाने लिहिलं नव्हतं, आपली पद्धतच नाही ना स्वतःचं सांगायची.

मुदतीच्या वेळा नीट बघा. 'एनीव्हेअर ऑन अर्थ' लिहिलं असेल तर पृथ्वीवर जिथे तारीख सगळ्यात शेवटी संपते तिथली वेळ धरतात, तिकडची रात्री ११:५९ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशी संध्याकाळची ५:२९, म्हणजे ऑफिसातून निघायच्या आधी होऊ शकतं. ब्रिटनची मध्यरात्र म्हणजे आपली पहाट, साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार.

व्हिसाचं थोडक्यात. ब्रिटनला कॉम्प्युटरच्या रिसर्चसाठी आपल्याला एटास नावाचं सुरक्षेचं क्लिअरन्स काढावं लागू शकतं, फुकट असतं पण आठवडे खातं. जर्मनीसाठी ॲनाबिन नावाच्या, परदेशी विद्यापीठांना तिथे मान्यता आहे का ते सांगणाऱ्या डेटाबेसमध्ये आपलं विद्यापीठ कसं नोंदलंय ते आधी बघून ठेवा. अमेरिकेच्या जे-१ व्हिसाची भीती घालणारे अजून भेटतात की दोन वर्षं परत यावंच लागतं, पण ती अट अमेरिकन सरकारच्या ज्या देशवार यादीमुळे, स्किल्स लिस्टमुळे, बहुतेकांना लागायची त्यातून भारताचं नाव डिसेंबर २०२४ मध्ये निघालंय. सरकारी पैशावर गेलात तर मात्र अजून लागू शकतं. दादरच्या त्या ऑफिसातल्या सरांना हे माहीत नव्हतं, त्यांनी मला अमेरिका नको म्हणून सांगितलं होतं, त्याच कारणासाठी.

इथेच राहायचं असेल तर तेही वाईट नाही हे मुद्दाम लिहितेय, कारण पोस्टडॉक म्हटलं की सगळे विमानच बघतात. २०२३ च्या सुधारणेनंतर प्रोजेक्टवरच्या रिसर्च असोसिएटला ५८,००० पासून सुरुवात आहे, वर घरभाडं. पवईत भाड्याने राहायला ते पुरत नाही, पण डोंबिवलीहून ये-जा करणाऱ्याला पुरतं, फक्त आयुष्य लोकलमध्ये जातं. आयआयटी मुंबईत व्हिजन-ग्राफिक्सची लॅब आहे, हैदराबादच्या ट्रिपल आयटीतलं सीव्हीआयटी हे व्हिजनचं केंद्र तर डॉक्युमेंटच्या कामासाठी देशात पहिलं नाव. माझा दुसरा पर्याय तोच होता.

माझा इंटरव्ह्यू संध्याकाळी साडेसहाला, तिकडे दुपार. पंधरा मिनिटं माझं बोलणं, मग चौघांचे प्रश्न. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या, आईने दारं-खिडक्या लावून पंखा बंद केलेला कारण पंखा आवाज करतो, मी घामाने निथळलेली. एका इतिहासाच्या बाईंनी विचारलं की तुझ्या मॉडेलने चुकीचं वाचलं तर ते चुकलंय हे इतिहासकाराला कसं कळणार. व्हिजनच्या कुठल्याच माणसाने मला हा प्रश्न पाच वर्षांत विचारला नव्हता. मी म्हटलं आज तरी नाही कळणार, आणि त्याच्यावरच मला काम करायचंय. बहुतेक तिथेच झालं. जर्मनीत, हस्तलिखितांच्या प्रोजेक्टवर, दोन वर्षं, ई-१३, १०० टक्के (तीन वेळा वाचलं). या वेळी पेढे आणले, शेजारच्या काकूंनाही दिले. त्या म्हणाल्या, "म्हणजे अजून शिकतेयसच."

रेटिंग ऑफिसला एक स्टार. चहा.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. कुठून तरी त्यांना कळलं होतं. "मॅडम, काँग्रॅच्युलेशन्स, आपल्याकडून पोस्टडॉकला पहिलंच सिलेक्शन आहे, एक छान फोटो पाठवा ना, टॉवरच्या बाजूला सक्सेस वॉल करतोय." म्हटलं पाठवते सर, फोटोचे ४५,०००, वर जीएसटी. अजून काही उत्तर आलेलं नाही.